स्पर्धा परीक्षांतील तर्क आणि तक्ते : कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी

स्पर्धा परीक्षांचा विषय निघाला की कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "इतिहास, भूगोल, राज्यघटना यांचे काही वाटत नाही, पण ते बुद्धिमत्तेचे प्रश्न म्हणजे गणितवाल्यांचे काम!" या समजुतीपायी आपले कितीतरी मित्र अर्ज भरण्यापूर्वीच माघार घेतात. काही जण वर्षभर पहिल्या प्रश्नपत्रिकेचा कसून अभ्यास करतात आणि दुसरीकडे फिरकतही नाहीत. ही समजूत कितपत खरी आहे, हे प्रस्तुत लेखात तपासून पाहावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे प्रश्न पुष्कळ अंशी वाचनाचे आहेत. त्यांतील आकडेमोड शालेय गणिताच्या पलीकडे क्वचितच जाते. अवघड असते ते दिलेल्या वाक्याचा नेमका अर्थ लावणे, आणि अर्थ लावणे हा तर आपल्या शाखेचा नित्याचा व्यवसाय होय.

प्रश्नपत्रिकेचे मोल

संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवा पूर्वपरीक्षेत दुसरी प्रश्नपत्रिका नव्या स्वरूपात आणली. ती 'सी-सॅट' या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ पासून राज्यसेवा पूर्वपरीक्षेत तोच मार्ग धरला. उताऱ्यांचे आकलन, तार्किक अनुमान, अंकज्ञान आणि तक्ते-आलेखांचे वाचन असे तिचे स्वरूप आहे. ग्रामीण भागातील, कलाशाखेतील व भारतीय भाषांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांवर तिच्यामुळे अन्याय होतो, अशी तक्रार झाली. २०१४ साली दिल्लीत त्यासाठी मोठे आंदोलन झाले. २०१५ पासून केंद्रीय परीक्षेत ही प्रश्नपत्रिका ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरती ठेवण्यात आली. राज्य आयोगानेही २०२२ मध्ये तसाच निर्णय घेतला.

'पात्रतेपुरती' हा शब्द मात्र फसवा आहे. ऐकताना तो सवलतीसारखा वाटतो. पण २०० पैकी ६६ गुण मिळाले नाहीत तर पहिल्या प्रश्नपत्रिकेत कितीही गुण मिळवलेले असोत, ते वाया जातात. वर्षभराची मेहनत अशा रीतीने दोन तासांच्या दाराशी अडून राहते.

आपल्या छावणी परिसराच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. एके काळी मराठवाड्यातील मुलाला पदवी घ्यावयाची तर हैदराबादची वाट धरावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली, आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पाटी धरली नव्हती अशी मुले नागसेनवनात पदवीधर झाली. १९५८ साली विद्यापीठही येथेच आले. इतके अडथळे ओलांडून आलेल्या परंपरेतील विद्यार्थ्याने एखाद्या तक्त्याला भिऊन परीक्षेकडे पाठ फिरवावी, हे काही ठीक नव्हे.

तर्क आपल्याच घरचा

तर्कशास्त्र हे कलाशाखेचे अपत्य आहे, ही गोष्ट आपण विसरतो. ॲरिस्टॉटलच्या संविधानापासून आपल्या न्यायदर्शनापर्यंत हा सारा वारसा तत्त्वज्ञानाचा. न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर येथे आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे.

आता हेच उलट करून पाहा. "जेथे अग्नी तेथे धूर" असे म्हणता येईल काय? नाही. नैयायिकांनी यावर तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण दिले आहे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. आजच्या प्रश्नपत्रिकेत जी चूक करायला लावण्यासाठी पर्याय रचलेले असतात, तीच ही चूक. "सर्व कवी वाचक आहेत" असे विधान दिले असता घाईत असलेला विद्यार्थी "सर्व वाचक कवी आहेत" यावर खूण करून मोकळा होतो. त्याने लोखंडाचा गोळा आठवावा.

अशा प्रश्नांत वर्तुळे काढण्याची पद्धत उपयोगी पडते. कवींचे लहान वर्तुळ वाचकांच्या मोठ्या वर्तुळात काढले की मोठ्या वर्तुळातील उरलेली जागा डोळ्यांना दिसते, आणि मग उलट विधान करण्याचा मोह होत नाही.

शब्दांचे वजन

या प्रश्नांत चार-पाच लहान शब्दांवर सारा भार असतो. ते मराठीत कसे वागतात हे पाहणे उपयुक्त ठरेल.

'काही' : व्यवहारात "काही विद्यार्थी हजर आहेत" असे म्हटले की बाकीचे गैरहजर, असे आपण धरून चालतो. तर्कात तसे नाही. 'काही' म्हणजे निदान एक, कदाचित सर्वही. बाकीच्यांविषयी ते विधान मौन पाळते, आपणही पाळावे.

'सर्व… नाही' : "सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत" या वाक्याचे दोन अर्थ होतात. एकही उत्तीर्ण झाला नाही, हा एक. आणि काही झाले, काही राहिले, हा दुसरा. असे वाक्य समोर आले तर पर्यायांकडे जाण्यापूर्वी थांबावे. राज्य आयोगाची प्रश्नपत्रिका मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते. शंका आली की दुसऱ्या भाषेतील वाक्य ताडून पाहावे.

'च' : मराठीतील हे एक अक्षर फार मोठे काम करते. "पदवीधरच अर्ज करू शकतात" याचा अर्थ पदवी नसलेल्याला अर्ज करता येत नाही. प्रत्येक पदवीधराला तो करता येईल, असे मात्र त्यातून निघत नाही. वयाची अट असू शकते. 'फक्त' आणि 'केवळ' या शब्दांनाही हाच नियम लागू आहे.

'परवा' : होऊन गेलेलाही परवा आणि येणाराही परवाच. वारांच्या प्रश्नात क्रियापद पाहिल्याशिवाय या शब्दाला हात लावू नये.

'पट' : "उत्पन्न दुप्पट झाले" म्हणजे शंभराचे दोनशे झाले. "उत्पन्नात दोनशे टक्के वाढ झाली" म्हणजे शंभराचे तीनशे झाले. दोन्ही वाक्यांत दोनाचा आकडा असल्यामुळे फसगत होते.

नात्यांची कोडी

नातेसंबंधांच्या प्रश्नात मराठी विद्यार्थ्याला जन्मजात सोय आहे. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना एकच शब्द, आपल्याकडे चार. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे म्हटले की निम्मे कोडे सुटलेले असते. परंतु आपल्याही भाषेत काही शब्द दुहेरी आहेत. 'आजोबा' वडिलांचे वडील की आईचे, ते शब्द सांगत नाही. 'मेहुणा' बायकोचा भाऊही असतो आणि बहिणीचा नवराही.

उदाहरण घेऊ. दुसऱ्या एका मुलीच्या छायाचित्राकडे बोट दाखवून एक मुलगी म्हणते, "हिचे वडील माझ्या आजोबांचे एकुलते एक पुत्र आहेत." छायाचित्रातील मुलगी तिची कोण? बहुतेक जण 'बहीण' असे उत्तर देतील. आजोबा वडिलांकडचे असतील तर ते बरोबर आहे. पण ते आईकडचे असले तर त्यांचे एकुलते एक पुत्र म्हणजे हिचा मामा, आणि छायाचित्रातील मुलगी मामेबहीण. आता 'पुत्र' हा शब्द काढून तेथे 'अपत्य' घाला. आजोबांचे एकुलते एक अपत्य पुरुष आहे, म्हणजे त्यांना मुलगी नाही. तेव्हा ते आईचे वडील असूच शकत नाहीत. एका शब्दाने संदिग्ध प्रश्न निश्चित झाला. येथे गणित कोठे आले?

मांडणीचे कोडे

आता ज्याची सर्वांत अधिक धास्ती असते तो प्रकार पाहू. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व तर्कशास्त्र यांची एकेक व्याख्याने आहेत, रोज एक. अटी अशा :

(१) इतिहास सोमवारी अथवा शुक्रवारी नाही.
(२) तर्कशास्त्राच्या लगेच दुसऱ्या दिवशी मराठी आहे.
(३) अर्थशास्त्र इतिहासानंतर आहे.
(४) राज्यशास्त्र व इतिहास यांच्यामध्ये नेमकी दोन व्याख्याने आहेत.

नवखा विद्यार्थी पहिल्या अटीपासून सुरुवात करतो आणि गोंधळतो. कारण ती अट इतिहासासाठी तीन वार मोकळे ठेवते. सुरुवात नेहमी सर्वांत घट्ट अटीपासून करावी; येथे ती चौथी आहे. मध्ये दोन व्याख्याने हवीत, म्हणजे ही जोडी सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार अशीच बसेल. पहिली अट आता उपयोगी पडते : इतिहास गुरुवारी (राज्यशास्त्र सोमवारी) किंवा मंगळवारी (राज्यशास्त्र शुक्रवारी), एवढेच दोन मार्ग उरतात.

दुसरा मार्ग तपासू. इतिहास मंगळवारी, राज्यशास्त्र शुक्रवारी. मोकळे राहिले सोमवार, बुधवार, गुरुवार. तर्कशास्त्र व मराठी लागोपाठ हवेत, म्हणून ते बुधवारी व गुरुवारी. अर्थशास्त्राला सोमवार उरला. पण ते इतिहासानंतर हवे. मार्ग बंद. तेव्हा पहिलाच खरा : सोमवारी राज्यशास्त्र, मंगळवारी तर्कशास्त्र, बुधवारी मराठी, गुरुवारी इतिहास, शुक्रवारी अर्थशास्त्र.

या उदाहरणातून तीन नियम हाती लागतात. अटींचा क्रम आपण ठरवावा. शक्यता दोन उरल्या की दोन्ही कागदावर मांडाव्यात; डोक्यात ठेवू नयेत. आणि 'नंतर' व 'लगेच नंतर' यांतील भेद अटी वाचतानाच अधोरेखित करावा. गोल मेजाभोवती बसलेल्या आठ माणसांचे कोडे असो की पाच मजल्यांच्या इमारतीचे, पद्धत हीच.

वार आणि तारखा

छावणीत गुरुवारी बाजार भरतो. आज गुरुवार असेल तर पुन्हा बाजार सात दिवसांनी, चौदा दिवसांनी, एकवीस दिवसांनी. दिनदर्शिकेचे सारे प्रश्न या एका निरीक्षणावर उभे आहेत : सातने भागून जी बाकी उरते तेवढेच वार पुढे सरकतात. साध्या वर्षात ३६५ दिवस, बाकी १. लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये आला तर बाकी २.

आपल्या इतिहासातीलच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. तो वार कोणता? १५ ऑगस्ट १९४८ पर्यंत ३६६ दिवस, कारण १९४८ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा होता. पुढे ऑगस्टचे १६ आणि सप्टेंबरचे १७ मिळून ३३ दिवस. एकूण ३९९. सातने भागल्यास बरोबर ५७, बाकी शून्य. म्हणजे तोही शुक्रवारच! देशाच्या स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याला नेमके ५७ आठवडे थांबावे लागले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या दोन तारखांतून निघालेला हा हिशेब आहे.

तक्ता कसा वाचावा

स्तंभालेख विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली प्रसिद्ध केला, १८०१ मध्ये वर्तुळालेखही त्यानेच आणला. आकड्यांच्या रांगा वाचून कंटाळणाऱ्या माणसाला एका दृष्टिक्षेपात अर्थ कळावा, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे आलेख ही वाचकाची सोय आहे. आता मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची जनगणनेनुसार लोकसंख्या पाहू. आकडे लाखांत आहेत आणि जिल्ह्यांची नावे त्या जनगणनांत होती तीच ठेवली आहेत. पहिला आकडा २००१ चा, दुसरा २०११ चा.

औरंगाबाद : २८.९७ — ३७.०१
जालना : १६.१३ — १९.५९
परभणी : १५.२८ — १८.३६
हिंगोली : ९.८७ — ११.७७
बीड : २१.६१ — २५.८५
नांदेड : २८.७६ — ३३.६१
उस्मानाबाद : १४.८७ — १६.५८
लातूर : २०.८० — २४.५४

प्रश्न पहिला : किती जिल्ह्यांची लोकसंख्या २० टक्क्यांहून अधिक वाढली? आठ भागाकार करत बसलात तर पाच मिनिटे गेली. त्याऐवजी २००१ च्या आकड्याचा दशांश काढून दुप्पट करा. ते २० टक्के. जालन्याचे १६.१३ चे २० टक्के ३.२३, प्रत्यक्ष वाढ ३.४६; अधिक आहे. परभणीचे ३.०६, वाढ ३.०८, जेमतेम अधिक. बीडचे ४.३२, वाढ ४.२४, कमी. याच रीतीने पाहता उत्तर येते तीन : औरंगाबाद, जालना व परभणी.

प्रश्न दुसरा : वाढीत दुसरा क्रमांक कोणाचा? येथे 'वाढ' हा शब्द नीट वाचावा. माणसांच्या संख्येने पाहिले तर नांदेड दुसरे, तेथे ४.८५ लाखांची भर पडली. पण वाढीच्या दराने पाहिले तर जालना दुसरे आहे, सुमारे २१.५ टक्के, आणि नांदेड १६.९ टक्क्यांसह आठांत सातवे! एकच जिल्हा एका अर्थाने दुसरा आणि दुसऱ्या अर्थाने सातवा. वर्तमानपत्रातील निम्मे वादविवाद या दोन अर्थांच्या सरमिसळीतून होतात.

प्रश्न तिसरा : मराठवाड्याच्या एकूण वाढीत औरंगाबाद जिल्ह्याचा वाटा किती? एकूण वाढ ३१.०२ लाख, जिल्ह्याची ८.०४ लाख, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक. पर्याय २६, ३२, ३८ आणि ४४ टक्के असे असतील तर यापुढे एक आकडाही लिहिण्याची गरज नाही. पर्याय आधी पाहावेत. ते एकमेकांपासून जितके दूर, तितका अंदाज चालतो.

प्रश्न चौथा : ही वाढ कशामुळे झाली? आपण सारे उत्तर देऊ, वाळूजच्या कारखान्यांमुळे. ते खरेही असेल. पण तक्ता त्याविषयी अवाक्षर बोलत नाही. जन्म किती, बाहेरून आले किती, हे त्यात नाही. अशा वेळी "दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही" हा पर्याय बरोबर असतो. जाणत्या विद्यार्थ्यालाच तो चुकवतो, कारण त्याला बाहेरचे ठाऊक असते. 'काही' या शब्दाबाबत जे मौन पाळावयाचे, तेच येथेही.

गुणांचा हिशेब

केंद्रीय परीक्षेत या प्रश्नपत्रिकेत ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण आणि वेळ दोन तास असतो. म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा तिसरा हिस्सा वजा होतो. हाही एक तक्ताच आहे. तो घरी सोडवून जावे. एकही चूक न करता २७ उत्तरे बरोबर आली तर ६७.५ गुण होतात, उंबरठा ओलांडला. ४० प्रश्न सोडवून ३० बरोबर व १० चूक आली तर ७५ मधून ८.३३ वजा जाऊन ६६.६७ उरतात, जेमतेम पार. त्याच चाळिसांत एक उत्तर बिघडले, २९ बरोबर व ११ चूक, की ६३.३३, आणि वर्ष गेले. तेव्हा ऐंशीच्या ऐंशी प्रश्न सोडवण्याचा हव्यास सोडावा. पहिल्या फेरीत आपल्या आवाक्यातील प्रश्न शांतपणे सोडवावेत, दुसऱ्या फेरीत उरलेल्यांकडे वळावे. कोड्याला तीन मिनिटे देऊनही वाट दिसत नसेल तर ते सोडून पुढे जावे.

सरावासाठी महागडी पुस्तके हवीतच असे नाही. राज्य शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' मराठीत प्रसिद्ध करते. तिच्यातील एक तक्ता रोज उघडावा आणि त्यावर आपणच तीन प्रश्न तयार करावेत. जो प्रश्न रचू शकतो त्याला पर्यायांतील सापळे दिसू लागतात. तिघा-चौघांनी मिळून सराव केल्यास अधिक चांगले. उत्तर का बरोबर आहे हे मित्राला मराठीत समजावून सांगता आले की ते पक्के झाले असे समजावे. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी आणि तिच्यात कारण लिहावे : शब्द चुकीचा वाचला, अट विसरली, की आकडेमोड चुकली. महिन्याभराने ती वही चाळली म्हणजे आपला दोष नेमका कोठे आहे ते कळेल. बहुतेकांच्या वहीत पहिल्या दोन कारणांचीच गर्दी आढळेल, असा माझा अंदाज आहे.

वाचकांसाठी तीन प्रश्न

(१) काही शेतकरी कवी आहेत. सर्व कवी वाचक आहेत. तर (अ) काही शेतकरी वाचक आहेत; (आ) सर्व शेतकरी वाचक आहेत. यांपैकी कोणते अनुमान निघते?
(२) मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्या दिवशी कोणता वार होता? (१७ सप्टेंबर १९४८ चा वार वर आला आहे.)
(३) वरील तक्त्यात लातूर व परभणी यांच्या लोकसंख्येतील अंतर दहा वर्षांत वाढले की घटले, आणि कितीने?

उत्तरे : (१) फक्त अ. (२) शनिवार. १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत दोन लीप दिवस, म्हणून बारा, बाकी ५. १७ सप्टेंबर १९५८ ला बुधवार येतो. तेथून २५ दिवस मागे, बाकी ४, शनिवार. (३) वाढले, ५.५२ लाखांवरून ६.१८ लाख, म्हणजे ०.६६ लाखाने.

तिन्ही उत्तरे जुळली असतील तर ६६ गुणांचा उंबरठा आपल्या आवाक्यात आहे असे समजावे. एखादे जुळले नसेल तर तो प्रश्न आणखी एकदा, शब्द न् शब्द लक्ष देऊन वाचावा, एवढीच विनंती.